कोहा हे वाचनालयाचं सॉफ्टवेअर शिकायचंय? कोर्सची वाट बघू नकोस

नाशिकच्या वाचनालयात नुकताच लागलायस ना, मग जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाक, वर कोहा चढव आणि खोट्या नोंदींवर हात साफ कर. कोहा फुकट आहे. न्यूझीलंडमधल्या सार्वजनिक वाचनालयात २००० मध्ये वापरात आलं. चालू डेटाला मात्र हात लावायचा नाही, बॅकअप असला तरी.

खरी गोम मराठी नोंदींत. इथलं सार्वजनिक वाचनालयच १८४० चं, म्हणजे शहरात जुनी मराठी पुस्तकं किती असतील बघ! जुन्या बिगर-युनिकोड (युनिकोड म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायची आजची प्रमाण पद्धत) फॉन्टमध्ये टाइप केलेलं ‘गोदावरी’ पडद्यावर नीट दिसतं, पण युनिकोडमध्ये शोधलं की काहीच सापडत नाही. थोड्या नोंदी युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढ, रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपास. इनस्क्रिप्ट हा मराठी टायपिंगचा कीबोर्ड आजपासूनच शीक; वैताग येतो, येऊ दे. मार्कचं, म्हणजे पुस्तकाच्या नोंदीच्या ठरावीक साच्याचं, सध्या २४५ हे शीर्षकाचं खानं, १०० हे लेखकाचं, एवढं पुरे.