फिंगरबोर्डचा रेडियस: आधी ब्रिज ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: इलेक्ट्रिक गिटारचा स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीचा नेक, म्हणजे दांडा, घरी बनवायचा आहे, 25.5 इंच स्केल (तारेची वाजणारी लांबी), शिसवी फिंगरबोर्ड (बोटं दाबायची पट्टी), 9-42 च्या तारा (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). अर्धा वेळ बार कॉर्ड (एक बोट आडवं ठेवून सगळ्या तारा दाबायच्या), अर्धा वेळ 15व्या फ्रेटच्या (बोर्डवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या) पुढे पूर्ण स्वराचे बेंड (तार बाजूला ढकलून सूर चढवणं). बोर्डच्या गोलाईची त्रिज्या, म्हणजे रेडियस, किती इंच घ्यावा (आकडा लहान तितकी गोलाई जास्त): 7.25, 9.5, 12 की 10-16 कंपाउंड, म्हणजे नटकडे 10 आणि पुढे सपाट होत 16?

पहिलाच नेक असेल तर 12 इंच, एकसारखा. का, ते सांगतो.

बहुतेक जण हाताला काय बरं वाटतं यावरून ठरवतात. पण फरक मोजून बघा. 42 मिमी रुंद नटपाशी (वरच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी) बोर्डचा मध्य कडांपेक्षा 7.25 ला 1.2 मिमी उंच असतो, 9.5 ला 0.9, 12 ला 0.7 आणि 16 ला जेमतेम 0.55. म्हणजे 9.5 आणि 12 मध्ये वहीच्या दोन पानांइतका फरक. बार कॉर्ड धरताना सव्वासातची गोलाई बोटाला खरंच जाणवते, हे मान्य. पण साडेनऊ की बारा यावर रात्र जागवू नका. तिथे नेकच्या पाठीचा आकार आणि घासून मऊ केलेल्या कडा जास्त बोलतात.

खरा प्रश्न बेंडचा आहे. पहिली तार कडेला, म्हणजे गोलाईच्या उतारावर असते. 15व्या फ्रेटवर ती वर ढकलली की दाबलेलं टोक चढावर जातं, पण दुसरं टोक तिच्या जागीच, ब्रिजवरच्या (गिटारच्या अंगावर तारा टेकतात तो भाग) खालच्या सॅडलवर, म्हणजे त्या तारेच्या टेकूवर राहतं. मधल्या सरळ रेषेला 17 ते 20 या फ्रेटांच्या फुगवट्यावरून जावं लागतं. गोलाई जास्त असेल तर तार तिथे टेकते आणि सूर गुदमरतो. मग ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, वाढवावी लागते. फेंडरची स्वतःची सेटिंगची मापंही तेच सांगतात: 17व्या फ्रेटवर पहिल्या तारेची उंची 7.25 ते 12 इंच रेडियसपर्यंत 1.6 मिमी, पण 15-17 इंचाला 1.2. सहाव्या तारेला 7.25 वर 2 मिमी, पुढे 1.6. रिलीफही (नेकला दिलेला किंचित बाक) 0.3 वरून 0.25 आणि मग 0.2 मिमीवर येतो.

आता ब्रिज. हा मुद्दा लोक शेवटी बघतात आणि तिथेच फसतात. सहा स्वतंत्र सॅडलचा स्ट्रॅट ट्रेमोलो (हलणारा ब्रिज) कुठल्याही रेडियसला जुळतो. ट्यून-ओ-मॅटिक या दुसऱ्या प्रकारच्या ब्रिजची गोलाई साधारण 12 इंचाचीच. 7.25 चा बोर्ड करून त्यावर तो लावला आणि कडेच्या तारा नीट बसवल्या, तर मधल्या तारा 12व्या फ्रेटवर 0.35 मिमीच्या आसपास खाली येतात. डी आणि जी (चौथी आणि तिसरी तार) वाजल्या की खरखर. फ्लॉइड रोज या तारा जखडणाऱ्या ट्रेमोलोचं लॉकिंग नट 10 इंचाचं असतं आणि सॅडलची उंची एकेक करून फिरवता येत नाही, खाली शिम (पातळ पत्रे) घालावे लागतात. तो लावणार असाल तर 10 किंवा 12 च्या फार पुढे जाऊ नका. तुमच्या ट्रेमोलोवर 12 ला, साधारण 52 मिमी स्ट्रिंग स्प्रेड (पहिल्या ते सहाव्या तारेचं अंतर) धरून, बी (दुसऱ्या तारेचं) सॅडल जीपेक्षा 0.35 मिमी खाली आणि ई (पहिल्या तारेचं) सॅडल बीपेक्षा 0.7 मिमी खाली येईल. डोळ्याने नको, तारांखाली रेडियस गेज धरून लावा.

कंपाउंड वाईट नाही, उलट तारा नटपासून ब्रिजकडे पसरतात म्हणून शंकूचा आकारच त्यांना नैसर्गिक. पण एका रेडियस ब्लॉकने (गोलाई कोरलेल्या घासायच्या ठोकळ्याने) तो होत नाही. नटकडे 10 आणि शेवटाकडे 16 चा उतार धरून सरळ बीमने (पॉलिश पेपर लावलेल्या लांब पट्टीने) प्रत्येक तारेच्या रेषेत घासावं लागतं. शिवाय 22 फ्रेटच्या बोर्डवर तीच रेषा पुढे नेली तर ब्रिजपाशी 18 इंचांच्या आसपास गोलाई लागते, 16 नव्हे. गंमत म्हणजे 12 च्या बोर्डवरही फ्रेट लेव्हल करताना (माथे घासून एका पातळीत आणताना) बीम तारांच्या रेषेत चालवला की शेवटचे फ्रेट किंचित सपाट होतात. 15व्यापासून पुढे 0.1-0.2 मिमी उतार दिला की बेंडचा बराच प्रश्न तिथेच सुटतो.

करायची पद्धत. बोर्ड 6.5 मिमी जाड घ्या. 12 ला 56 मिमी रुंद टोकाशी कडा 1.3 मिमी उतरतात, 7.25 ला 2.1. मधोमध पेन्सिलची रेष मारा आणि 12 च्या लांब ब्लॉकवर 80 नंबरचा पॉलिश पेपर लावून पूर्ण लांबीचे हात मारा. आधी कडा कापल्या जातात, रेष सर्वांत शेवटी पुसते. ती पुसट होऊ लागली की थांबा, मग 120, 220, 320. ब्लॉक डुलला तर कडा जास्त गोल होतात आणि पहिली तार बोर्डबाहेर घसरते. शिसवीची धूळ घशाला लागते, मास्क लावाच.

स्लॉट (फ्रेट बसवायच्या खाचा) आधीच कापलेले असतील तर कडांना आता उथळ झाले असणार. करवतीला खोलीचा स्टॉप लावून गोलाईच्या बरोबरीने पुन्हा खोल करा. फ्रेटची तांग (खाचेत बसणारा भाग) जितकी, त्याहून 0.3 मिमी जास्त. फ्रेटवायर बोर्डपेक्षा थोडी जास्त वाकवा, 12 ला साधारण 10 ची. सपाट वायर ठोकली तर आज बसते आणि महिन्याभरात टोकं उचलतात. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं, तेव्हा टोकं घासून अगदी बरोबर केली तर उन्हाळ्यात तीच बाहेर येऊन बोचतात. तेवढ्यासाठी बोर्ड दोन आठवडे कोरड्या खोलीत ठेवा.

पिकअपचं एक राहिलं. जुन्या पद्धतीचे, प्रत्येक तारेखाली कमीजास्त उंचीचे पोल (चुंबक) असलेले सिंगल कॉइल पिकअप घेणार असाल, तर त्यांची रचना गुंडाळलेली (वर धातू वेढलेली) जी तार आणि सव्वासातची गोलाई धरून केलेली आहे. 12 च्या बोर्डवर साध्या जी तारेने तीच तार बाकीच्यांवर ओरडते. सपाट पोलचे घ्या.