टेकडीवर झाडं लावायची की नुसती राखायची?

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या मागचा टेकडीचा ५ एकर उतार संस्थेचाच आहे. तिथं अभ्यासाचं जंगल करायचं ठरतंय. संस्थेतले म्हणतात दरवर्षी वृक्षारोपण घ्या. पण झाडं लावून झाल्यावर मुलांना तिथं नेऊन शिकवायचं काय?
– एक प्राध्यापिका, सातारा

उत्तर : मॅडम, आधी खड्डे थांबवा. आपल्याकडचे उतार बोडके दिसतात पण गवतात वाकून बघा, पळस, आपटा, धावडा, करवंदाचे फुटवे असतात, वणव्यात जळतात, पावसात बुडातून परत फुटतात आणि दरवर्षी हेच चालल्यामुळं गुडघ्याच्या वर जातच नाहीत. आग आणि चराई थांबली की काही वर्षांत तेच उठतात, टँकर लागत नाही. त्यांच्या डोक्यावर मध्य अमेरिकेतलं ग्लिरिसिडियाचं झाड लावून हिरवं करणं मला अजिबात पटत नाही.

आता शिकवायचं काय, तर मोजायला. २० बाय २० मीटरचे चौकोन आखा, म्हणजे साधारण ४ गुंठे. प्रत्येक झाडाला नंबरचा पत्रा, १.३ मीटर उंचीवर घेर मोजायचा आणि तिथंच रंगाची रेघ मारायची, म्हणजे पुढच्या वर्षीची पोरं पण टेप त्याच जागी लावतील. पळस-पांगऱ्याला कळी कधी, पानगळ कधी, हे दर आठवड्याला लिहायचं. बॅच ३ वर्षांत जाते, म्हणून रजिस्टर लायब्ररीत ठेवा, कुणा एकाच्या कपाटात नको. बंगळुरूच्या आयआयएस्सी या विज्ञान संस्थेनं तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात १९८८ ला ५० हेक्टरातली झाडं अशीच नोंदवायला घेतली, म्हणून तर दुष्काळात, वणव्यात कुठलं झाड मेलं आणि कुठलं तगलं हे आज सांगता येतं.

आणि तुलनेला जागा ठेवाच. अमेरिकेत हार्वर्ड युनिव्हर्सिटीचं १९०७ पासूनचं जंगल आहे, तिथं १९९१ पासून जमिनीत वायर पुरून काही तुकड्यांतली माती शेजारच्यापेक्षा ५ अंश गरम ठेवतात आणि मातीतून कार्बन किती निघतो ते बघतात. आपल्याला वायर नको, एक तुकडा पूर्ण बंद आणि शेजारचा चराईला उघडा ठेवला तरी पोरांना प्रोजेक्टला भरपूर आहे.

पण हे सगळं वणव्यावर अडतं. गवत वाळलं की हद्दीनं जाळरेषा, म्हणजे आग आत येऊ नये म्हणून गवत काढलेला मोकळा पट्टा, काढून घ्या, आणि त्याआधी गावातल्या गुरंवाल्यांशी बसून बोला, दिवाळीनंतर गवत विळ्यानं कापून न्यायची मुभा त्यांना द्या, त्यांना वैरण मिळते आणि टेकडीवर जळायला वाळकं कमी राहतं.