एका चुकलेल्या भाकिताने सिद्धान्त बाद होतो का?

प्रश्न : एखादे राष्ट्र अतिबलाढ्य झाले की इतर राष्ट्रे त्याच्याविरुद्ध एकत्र येतात, असे राज्यशास्त्रज्ञ केनेथ वॉल्ट्झ यांचा नववास्तववाद (राष्ट्रांचे वर्तन त्यांच्यातील सत्तेच्या वाटपावरून समजावणारा सिद्धान्त) सांगतो. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर अमेरिकेविरुद्ध तशी आघाडी उभी राहिली नाही. तरीही हा सिद्धान्त अजून अभ्यासक्रमात का आहे? भाकीत चुकले तर सिद्धान्त खोटा, या विज्ञानाचे तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांच्या कसोटीवर तो खोटा ठरत नाही का?
– राज्यशास्त्राची एक विद्यार्थिनी

उत्तर : पॉपर यांची कसोटी आपण खुद्द पॉपर यांच्याहूनही कडकपणे लावली आहे. युरेनस हा ग्रह गणिताने काढलेल्या कक्षेतून ढळताना दिसला, तेव्हा न्यूटनचा नियम कोणी टाकून दिला नाही. पलीकडे आणखी एक ग्रह असावा असे मानून फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल वेरिए यांनी त्याची जागा वर्तवली आणि १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत नेपच्यून सापडला. बुधाच्या कक्षेतील विसंगतीसाठीही त्यांनी असाच एक ग्रह कल्पिला, पण तो कधीच दिसला नाही आणि ते कोडे १९१५ मध्ये आइनस्टाइन यांनी वेगळ्याच मार्गाने सोडवले. युक्ती तीच, निकाल मात्र उलट. म्हणूनच विज्ञानाचे तत्त्वज्ञ इम्रे लाकाटोश यांनी प्रश्न बदलला : सिद्धान्ताला ठिगळ लावले की नाही हे न पाहता, त्या ठिगळाने आधी ठाऊक नसलेले काही सांगितले का आणि ते खरे निघाले का, हे पाहावे.

ही कसोटी वॉल्ट्झ यांना जड जाते. सोव्हिएत धोका संपल्यामुळे नाटो या अमेरिकेच्या नेतृत्वाखालील लष्करी आघाडीची वर्षे आता मोजकीच उरली आहेत, असे त्यांनी १९९३ मध्ये लिहिले. १९९९ मध्ये पोलंड, हंगेरी व चेक प्रजासत्ताक नाटोत आले आणि आज तिचे ३२ सदस्य आहेत. २००० मध्ये त्यांनी उत्तर दिले की नाटो हे आता युरोपवरील अमेरिकी पकडीचे साधन आहे, आणि नवे सत्तासंतुलन निश्चित होईल, फक्त त्याला किती काळ लागेल हे सिद्धान्त सांगू शकत नाही. ज्या भाकिताला मुदतच नाही, ते चुकणार तरी कसे?

दुसरे एक वास्तववादी अभ्यासक स्टीफन वॉल्ट यांचे प्रकरण इतके सोपे नाही. राष्ट्रे बळाविरुद्ध नव्हे, तर धोक्याविरुद्ध एकत्र येतात, हे त्यांनी १९८७ मध्येच, म्हणजे अमेरिकेविरुद्ध आघाडी न होण्याचे कोडे पडण्याआधी, मुख्यतः मध्यपूर्वेतील आघाड्यांच्या अभ्यासावरून मांडले होते. त्यामुळे १९९७ मध्ये राज्यशास्त्रज्ञ जॉन व्हास्केझ यांनी वास्तववादाच्या अशा दुरुस्त्यांना लाकाटोश यांच्या अर्थाने ऱ्हासाचे, म्हणजे नवे काही न सांगणाऱ्या ठिगळांचे, लक्षण ठरवले, तो निवाडा वॉल्ट यांच्या बाबतीत मला घाईचा वाटतो. दोष आहे तो दुसरीकडे : त्यांच्या धोक्याच्या चार घटकांपैकी भूगोल आणि सैन्यबळ आधी मोजता येते, पण ‘आक्रमक हेतू’ बहुधा आघाडी झाल्यानंतरच अभ्यासकाला दिसू लागतो.

अभ्यासक्रमाचे म्हणाल, तर लाकाटोश यांच्या मते अधिक सरस प्रतिस्पर्धी आल्याशिवाय सिद्धान्त हटत नाही. नाटोपुरता तो प्रतिस्पर्धी आहे : रॉबर्ट कोहेन यांच्यासारख्या संस्थावाद्यांनी (आंतरराष्ट्रीय संस्था राष्ट्रांमधले सहकार्य टिकवतात असे मानणाऱ्यांनी) नाटो टिकेल असे त्याच काळात, म्हणजे निकाल लागण्याआधी, म्हटले होते. मात्र युद्ध का होते, या प्रश्नावर संस्थावाद्यांकडे तितके पक्के उत्तर नाही, आणि वॉल्ट्झ अजून वाचले जातात ते मुख्यतः त्याच प्रश्नासाठी.