‘इश’ की ‘इख’?

प्रश्न : जर्मनमधला ‘मी’ या अर्थाचा शब्द कोणी ‘इश’ लिहितात, कोणी ‘इख’, शब्दकोशातल्या उच्चारलेखनात मात्र शेपटीचा ‘सी’ दिसतो. खरा उच्चार कोणता?

उत्तर : दोन्ही लेखने अपुरी आहेत. शेपटीचा ‘सी’ हे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीतले चिन्ह असून, जीभ ‘य’च्या जागी नेऊन, कंठ न कंपवता नुसती हवा घासत सोडली की तो ध्वनी निघतो. हा ध्वनी ज्या ‘सी-एच’ अक्षरजोडीने लिहितात ती आ, ओ, ऊ किंवा आउ यांच्यानंतर आली, तर मात्र घर्षण मागे सरकते आणि संगीतकार ‘बाख’च्या नावातल्यासारखा, उर्दू ‘खबर’मधल्या ‘ख’च्या जवळचा ध्वनी होतो; त्याचे चिन्ह ‘एक्स’. आपल्या ‘चिमणी’ आणि ‘चोर’ यांतही एकाच अक्षराचे दोन उच्चार होतातच, फक्त जर्मनमध्ये निर्णय आधीचा स्वर करतो. अपवाद लघुत्वदर्शक ‘-शेन’ प्रत्ययाचा (हे लेखनही तडजोडीचेच): तो ‘आउ’नंतरही शेपटीच्या ‘सी’चाच ध्वनी राखतो. ‘राजा’ या अर्थाच्या ‘क्योनिग’च्या शेवटीही प्रमाण उच्चारात हाच ध्वनी येतो, दक्षिण जर्मनीत आणि ऑस्ट्रियात मात्र सर्रास ‘क’ ऐकू येतो, आणि त्याला अशुद्ध म्हणणे मला पटत नाही.