पहिलटकरणीची तयारी

प्रश्न : मी पुण्यात एका खासगी कंपनीत नोकरी करते. मला सातवा महिना सरत आला आहे. पहिले बाळंतपण माहेरीच व्हायचे, म्हणून आई मला कराडजवळच्या आमच्या गावी बोलावते आहे. मूल जन्मण्याआधी त्याच्यासाठी काहीही विकत आणू नये, असे सासूबाईंचे म्हणणे आहे, तर मैत्रिणींनी खरेदीची भलीमोठी यादी पाठवली आहे. नेमकी तयारी कशाची करावी, हेच समजेनासे झाले आहे.

उत्तर : खरेदीचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा आहे, म्हणून तो आधी संपवू. सासूबाईंचा शब्द मोडण्याची गरज नाही. बाळाला पहिल्यांदा जुने कपडे घालण्याची पद्धत आपल्याकडे आहेच आणि ती शहाणपणाची आहे. नव्या कापडाला खळ असते, उलट दहादा धुतलेले सुती कापड बाळाच्या कातडीला टोचत नाही. नात्यातल्या एखाद्या बाळाची आठ-दहा झबली, तीन-चार टोपडी, आईच्या किंवा आजीच्या मऊ सुती लुगड्यांची दुपटी आणि दोन डझन लंगोट एवढे धुऊन, कडक उन्हात वाळवून ठेवले की पहिला महिना निभावतो. पाळणा, मच्छरदाणी आणि बाकीची हौस बारशापर्यंत थांबू शकते. दुधाची बाटली मात्र कोणी भेट दिली तरी ती माळ्यावर टाकावी.

माहेरी जायचे असेल तर प्रवास लांबवू नका. आठव्या महिन्याच्या सुरुवातीला, पुण्यातल्या डॉक्टरांना विचारून निघावे आणि कराडच्या ज्या रुग्णालयात बाळंतपण करायचे तिथे लगेच नाव नोंदवून किमान दोन-तीन तपासण्या करून घ्याव्यात. रुग्णालय निवडताना खोली वातानुकूलित आहे का, यापेक्षा तीन गोष्टी विचारा : रात्री-अपरात्री सिझेरियन करण्याची सोय आहे का, रक्त किती वेळात मिळते आणि नवजात बाळाला त्रास झाल्यास बालरोगतज्ज्ञ तिथे येतात की बाळाला दुसरीकडे हलवावे लागते. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, अगदी सिझेरियनसुद्धा, औषधे आणि रक्तासह मोफत होते, हेही ध्यानात असू द्या. रजेचे म्हणाल, तर आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेले असल्यास कायद्याने तुम्हाला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, पण त्यांतले जास्तीत जास्त ८ आठवडेच बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधी घेता येतात. तेव्हा तारखांचा हिशेब आताच मांडून कंपनीला लेखी कळवा.

कागदपत्रांविषयी थोडे विस्ताराने सांगते, कारण प्रसूतिगृहातल्या नोकरीत मी सर्वाधिक धावपळ त्यांच्यामुळेच पाहिली आहे. एकदा रात्री दोनच्या सुमारास माहेरी आलेली एक पहिलटकरीण कळा देत दाखल झाली. तिची सगळी फाईल सासरच्या कपाटात राहिली होती आणि कपाटाची किल्ली नवऱ्याच्या खिशात, नवरा दुसऱ्या गावी. रक्तगट कोणालाच आठवेना. आई म्हणे ‘बी’, भाऊ म्हणे ‘ओ’. सगळ्या तपासण्या त्या रात्री नव्याने कराव्या लागल्या आणि रक्तगट ‘निगेटिव्ह’ निघाला. आई ‘निगेटिव्ह’ आणि बाळ ‘पॉझिटिव्ह’ असेल तर पुढच्या गरोदरपणासाठी तिला बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत एक विशिष्ट इंजेक्शन द्यावे लागते. हे आधी ठाऊक असते तर ते आणून ठेवता आले असते. म्हणून सोनोग्राफीचे सगळे अहवाल, रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही आणि कावीळ-बी यांच्या तपासण्या, आधार कार्ड आणि विम्याचे कागद एका पिशवीत घालून ती पिशवी दाराजवळच्या खुंटीला टांगा आणि प्रत्येक कागदाचा फोटो नवऱ्याच्या व आईच्या फोनमध्ये ठेवा.

त्याच पिशवीत एका चिठ्ठीवर तुमचे नाव आधारवर आहे तसेच, अक्षरानअक्षर लिहून ठेवा. लग्नानंतर आपल्याकडे बाईची दोन-दोन नावे कागदोपत्री फिरतात आणि रुग्णालयाचा फॉर्म भरणारा मामा किंवा काका आठवेल ते नाव सांगतो. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, ती रुग्णालयच कळवते, परंतु चूक झाली तर खेटे तुम्हालाच घालावे लागतात. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लिहिले जाते, त्यामुळे तुमच्या नावातली चूक मुलाच्या दाखल्यात जाऊन बसेल. बाळाचे नाव ठरले नसल्यास घाई नको. नोंदणीनंतर वर्षभरात ते विनाशुल्क घालता येते.

आता जे घरातल्या मोठ्या माणसांशी आधीच बोलून ठेवायला हवे, ते. गाईच्या चिकाचा खरवस वेलची घालून आवडीने खाणारी आपली माणसे आईचा चीक मात्र पिळून टाकायला सांगतात, याचे मला आजही नवल वाटते. ते पिवळसर, घट्ट दूध म्हणजे बाळाला रोगांपासून मिळणारे पहिले संरक्षण. जन्मल्यावर तासाभरात, सिझेरियन झाले असले तरी, बाळाला अंगावर घ्यावे आणि पहिले सहा महिने डॉक्टरांनी सांगितलेल्या औषधाखेरीज दुधाशिवाय काही देऊ नये. मध नाही, गुटी नाही, उन्हाळ्यात पाणीसुद्धा नाही. मध वर्षाच्या आत देणे धोक्याचे आहे, कारण त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाला क्वचित, पण गंभीर विषबाधा होऊ शकते. बाळाची पहिली आंघोळ किमान एक दिवस पुढे ढकलावी, नाळेला हळद-तेल काही लावू नये आणि डोळ्यांत काजळ घालू नये. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून शेक-धुरी देण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. तो धूर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतो. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपा यांविषयी तक्रार नाही. फक्त लाडवांच्या नादात भाजी, डाळ आणि फळे ताटातून जाऊ नयेत आणि लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही चालू राहाव्यात. हे सगळे बाळंतिणीने खाटेवरून सांगितले तर भांडण होते. आज, डोहाळजेवणाच्या गडबडीत, आईला सोबत घेऊन डॉक्टरांकडे गेलात आणि त्यांच्याच तोंडून तिला ऐकवलेत, तर होणार नाही.

बाळाची हालचाल कमी वाटणे, पाणी जाणे, रक्त जाणे, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणे, यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट पाहू नये. गाडीवाल्याचा क्रमांक आणि १०८ दोन्ही भिंतीवर लिहून ठेवा.

प्रश्न : माझी पत्नी पुढच्या महिन्यात बाळंत होईल. घरात आई आहे, सासूबाईही येणार आहेत. बाळंतपणात पुरुषाने काय करावे, असा प्रश्न विचारला की सगळे हसतात. मला मात्र खरोखरच जाणून घ्यायचे आहे. — एक वाचक, नाशिक

उत्तर : हसू द्या. केंद्र सरकारच्या नोकरीत असाल तर तुम्हाला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीत ती मालकाच्या मर्जीवर असते, म्हणून आताच विचारून ठेवा. बाळाला पहिल्या २४ तासांत कावीळ-बीची लस आणि घरी जाण्याआधी बीसीजी व पोलिओचा पहिला डोस मिळाला ना, हे कार्डावर स्वतः पाहा. बघायला येणाऱ्यांना दारात थोपवण्याचे काम तुमचे. ते पत्नीने किंवा सासूबाईंनी केले तर माणसे दुखावतात, तुम्ही केले तर निमूट मानतात. ज्यांना सर्दी-खोकला आहे त्यांना बारशालाच बोलवा.

पहिल्या आठवड्यात पत्नीला विनाकारण रडू येईल, ते बहुधा ओसरते. दोन आठवड्यांनंतरही ती उदास असेल, बाळाकडे पाहवत नाही किंवा जगावेसे वाटत नाही असे म्हणाली, तर ‘बाळंतिणीचे असेच असते’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवा. १४४१६ या मोफत क्रमांकावर मानसिक आरोग्याचा सल्ला मराठीतूनही मिळतो.

रात्रीचे दूध पाजणे तुमच्या हातात नाही, पण त्यानंतरचा अर्धा तास आहे. बाळाला खांद्यावर घेऊन पाठीवर हलका हात फिरवत ढेकर काढावी, लंगोट बदलावा आणि तोवर तिला झोपू द्यावे. सदरा जुनाच घाला. खांद्यावर दूध येणारच.