बदाम महाग पडतात, रोज शेंगदाणे खाल्ले तर चालेल का? किती खावेत?

चालेल की! 100 ग्रॅम शेंगदाण्यात साधारण 25 ग्रॅम प्रथिनं असतात, बदामात 21. बदाम पुढे आहे तो ई जीवनसत्त्व आणि कॅल्शियममध्ये. ओमेगा-3 (हृदयाला चांगली चरबी) हवी असेल तर सुक्यामेव्यात मात्र अक्रोडच.

प्रमाण मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम. त्यातच 170 कॅलरी होतात, त्यामुळे जेवणावर वरून नको, संध्याकाळच्या फरसाण-भज्यांच्या जागी खा. आणि कोल्हापुरात भाजी-आमटीपासून चटणीपर्यंत दाण्याचं कूट कुठं ना कुठं पडतंच, तेही हिशोबात धरा.

लक्ष्मीपुरीच्या बाजारातून सुटे दाणे घेताना चार दाणे फोडून बघा. आत काळसर-हिरवट बुरशी दिसली, कडू लागले, तर घेऊ नका. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष यकृताला घातक आणि भाजल्यानं पुरतं जात नाही. पावसाळ्यात तर आठवड्यापुरतेच आणा, मंद आचेवर भाजा आणि पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद करा. गरम भरले की आत वाफ धरते, दाणे मऊ पडतात. खारे दाणे रक्तदाबवाल्यांनी टाळावेत. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे देऊ नका, घशात अडकतात, कूट चालेल. दाण्याची ॲलर्जी असेल तर अर्थातच काहीच नको.