क्षारीय पाऊस म्हणावं की अल्कधर्मी?

इथल्याच, नागपुरातल्या एका ताईंनी विचारलंय की लेकीला शाळेत 'अल्कलाईन रेन: कारणं, परिणाम, उपाय' असा प्रोजेक्ट मिळालाय, तर मराठीत 'क्षारीय पाऊस' लिहिलं तर चालेल का.

ताई, माझं मत 'अल्कधर्मी पाऊस' लिहा. 'क्षारीय' आपल्याकडे हिंदीतून सहज तोंडात येतो, नागपुरात तर जास्तच, आणि हिंदीत तो बरोबरच आहे कारण तिथे क्षार म्हणजे अल्कली आणि मिठाच्या जातीच्या पदार्थांना लवण म्हणतात. आपल्या पाठ्यपुस्तकात मात्र आम्ल आणि आम्लारी (बेस) एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होतं, म्हणजे क्षार = सॉल्ट, आणि पाण्यात विरघळणारी आम्लारी ती अल्क. मग मराठी मुलगी 'क्षारीय पाऊस' वाचून खारा पाऊस समजणार. कोकणात समुद्राकाठच्या पावसात मीठ असतं पण मिठानं पाऊस अल्कधर्मी होत नाही, आणि उलट अमोनिया हा काही क्षार नाही तरी तो पावसाचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्क मोजायचा आकडा: ७ च्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी) वर नेतो. हा फरक शब्दातच दिसला पाहिजे.

आता जुनी मराठी बघाल तर 'खार' म्हणजे अल्कच, पापडखार, जवखार, सज्जीखार सगळे त्यातलेच, म्हणून 'क्षारीय'ला मी अडाणी चूक म्हणणार नाही, शास्त्राच्या परिभाषेनं शब्दाची जागा बदलली एवढंच. शेतकऱ्यांनी तर हा फरक केव्हाच केलाय: मीठ फुटलेली जमीन क्षारपड, आणि सोडियममुळे सामू साडेआठच्या वर गेलेली ती चोपण. किती नेमकं आहे बघा!

प्रोजेक्टमध्ये एक गोष्ट नक्की लिहायला सांगा. स्वच्छ पावसाचा सामू ७ नसतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून तो ५.६ च्या आसपास येतो आणि पावसाच्या अभ्यासात तुलना त्या ५.६ शी करतात, म्हणून ६.२ चा पाऊस पुस्तकी हिशोबानं आम्लच तरी त्याला कुठे कुठे अल्कधर्मी म्हटलेलं सापडेल, तिथे गोंधळू नये. भारतात बऱ्याच ठिकाणी सामू ५.६ च्या वर राहत आलाय, मुख्य कारण मातीची कॅल्शियमवाली धूळ, त्यातही उन्हाळ्यानंतरच्या पहिल्या सरी जास्त धूळ घेऊन पडतात. बाकी सिमेंट कारखान्यांची धूळ (आपल्याला चंद्रपूर जवळच), आणि युरिया अन् गुराढोरांच्या शेणामुतातून उडणारा अमोनिया. हवामान खातं देशात ज्या मोजक्या ठिकाणी पावसाचं पाणी रासायनिक तपासणीसाठी गोळा करत आलंय त्यात नागपूर आहे, हे लेकीला सांगाच, तिला आवडेल.

परिणाम म्हणाल तर गाडीवर पांढरे डाग पडतात ते फार गंभीर नाही. सिमेंट कारखान्याजवळ मात्र धूळ ओली होऊन पानांवर पापुद्रा धरते आणि पानाचं श्वसन, प्रकाशसंश्लेषण अडतं. आपल्या काळ्या जमिनीत आधीच चुना, तिथे सामू आणखी वाढला तर लोह आणि जस्त झाडाला मिळत नाही, संत्र्याची पानं पिवळी पडतात ती बऱ्याचदा याच कमतरतेनं, पण एकदोन पावसांनी असं होत नाही, वर्षानुवर्षं धूळ पडत राहावी लागते. अमोनियाचं तर उलटंच, पावसात तो आम्ल मारतो पण जमिनीत गेल्यावर जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि माती आम्ल होत जाते.

उपायात कारखान्याच्या धुराड्यावर फिल्टर, कच्चा माल झाकून नेणं, युरिया वर फेकून न देता मातीत पुरणं हे लिहा. पण एक गोष्ट ठळक अक्षरात: ही धूळ कोळशाच्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइडचं आम्ल मारत असते. म्हणून नुसती धूळ आवरली आणि वायू तसाच सोडला तर पाऊस आम्ल व्हायला लागतो. कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांची धुराडी रोज बघणाऱ्या मुलीला हे पटकन कळेल, राख पकडणारं यंत्र वेगळं आणि गंधकाचा वायू पकडणारं वेगळं, दोन्ही लागतात.

शीर्षकात 'अल्कधर्मी पाऊस' लिहा आणि खाली एका ओळीत 'हिंदीत क्षारीय वर्षा' असं टाका, म्हणजे नेटवर शोधताना तिला दोन्हीकडचं सापडेल. 'क्षारयुक्त पाऊस' मात्र कुठेच नको.